दणका डिकीत, हिशेब बॉनेटखाली

तावडे हॉटेलच्या चौकातून उचगावकडे वळलेली एखादी गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. पहिल्यांदा दुकानाचं शटर थरथरतं, मग गाडीची स्वतःची नंबर प्लेट खडखडते, आणि गाणं कुठलं हे कळेपर्यंत गाडी गांधीनगरच्या दिशेनं पसार झालेली असते. कोल्हापूरकडं नाद करायचा तर पुरता, ही रीतच आहे. पण रात्री हीच गाडी लांबून बघा. ठोका पडला की हेडलाइट मंद, ठोका सरला की लख्ख. या मिचमिचीवर हल्ली सगळीकडं एकच औषध सांगितलं जातं: “लिथियम टाक भावा, विषय हार्ड!” विषय खरंच हार्ड आहे. गमतीचाही आहे.

पाच हजार वॅटची थाप

“किती वॅटचा ॲम्प आहे रे?”

“पाच हजार, दादा. डब्यावर लिहिलंय की.”

डब्यावर काय, काहीही लिहिता येतं. नव्वदीच्या दशकात दोन वितीच्या टेपरेकॉर्डरवरही ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं छापलेलं असायचं आणि आपण ते कौतुकानं पाहुण्यांना दाखवायचो. खरा आकडा बघायचा तर ॲम्प उलटा करा आणि त्याचे फ्यूज बघा. समजा ३० अँपिअरचे दोन आहेत. म्हणजे साठाच्या वर करंट सतत ओढला तर फ्यूज उडणार. साठ गुणिले चौदा व्होल्ट म्हणजे ८४० वॅट आत गेले. चांगला क्लास-डी ॲम्प त्यातले ऐंशी टक्के स्पीकरला देतो, बाकीची उष्णता होते. हातात उरले पावणेसातशेच्या आतबाहेर. पाच हजारांतले उरलेले वॅट खोक्याच्या छपाईत गेले.

बॅटरी निवडण्याआधी हा हिशेब झालाच पाहिजे. नाहीतर सातशे वॅटच्या ॲम्पसाठी माणूस पाच हजार वॅटची बॅटरी घेऊन बसतो.

आता खरोखरचा हजार वॅट आरएमएसचा ॲम्प धरा. त्याला पूर्ण जोरात १,२५० वॅट लागतात, म्हणजे सुमारे ९० अँपिअर. छोट्या गाडीचा अल्टरनेटर, जुन्या लोकांच्या भाषेत डायनॅमो, साधारण ६५ ते ९० अँपिअरचा असतो. त्यातच दिवे, एसीचा ब्लोअर, पेट्रोलचा पंप आणि गाडीचा कॉम्प्युटर यांचा वाटा. गाडी नुसती उभ्या उभ्या चालू असेल, तर तो अल्टरनेटर निम्म्याच्या आसपासच देतो. सुदैवानं गाणं म्हणजे सलग भोंगा नसतो, ठोक्या-ठोक्यांच्या मध्ये उसंत असते. ठोक्याला बॅटरीनं उधार द्यायचं, उसंतीत अल्टरनेटरनं फेडायचं, असा हा व्यवहार. फेडणारा कमजोर असेल तर कितीही भारी बॅटरी आणा, ती फक्त उशिरा रिकामी होते.

सहा सेल, चार सेल, तीन सेल

लिथियम म्हणजे एकच वस्तू, हा सगळ्यात मोठा गैरसमज. बाजारात निदान तीन-चार वेगवेगळ्या रसायनांच्या बॅटऱ्या त्याच एका नावानं विकल्या जातात. त्यांतली कुठली आपल्या गाडीला चालेल, हे साध्या गुणाकारानं कळतं.

फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाची बॅटरी बनवली. आजही बॉनेटखाली तिचीच नातवंडं आहेत. शिशाचा एक सेल २.१ व्होल्टचा. सहा सेल जोडले की १२.६. गाडीचा अल्टरनेटर या सहा सेलांना चार्ज करता यावं म्हणून साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टवर बांधलेला असतो.

मोबाइल-लॅपटॉपमधला लिथियम सेल ३.७ व्होल्टच्या आसपासचा. तीन जोडले तर पूर्ण भरल्यावर १२.६, म्हणजे आपल्या अल्टरनेटरखाली ते नको तितके भरणार. आणि या जातीच्या सेलाला जास्त भरणं म्हणजे आगीला आवतण. चार जोडले तर पूर्ण भरायला १६.८ व्होल्ट हवेत. तेवढे गाडी कधी देणारच नाही. तिनाचं जमत नाही, चाराचंही जमत नाही. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून कुणी ‘घरीच बनवून देतो’ म्हणालं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मग येतो लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारात एलएफपी. सेल ३.२ व्होल्टचा. चार सेलांचे झाले १२.८, आणि पूर्ण चार्ज १४.६. गाडीच्या अल्टरनेटरला बघून बनवल्यासारखा बसतो, पण तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. रसायनाचा निव्वळ योगायोग. हा पदार्थ जगापुढं आणणारा १९९७ चा शोधनिबंध तिघांच्या नावावर आहे: पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. पहिली दोन नावं आपल्याकडचीच. तिसरे जॉन गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात नोबेल मिळालेला दुसरा माणूस नाही.

तिसरी जात लिथियम टायटनेटची, म्हणजे एलटीओ. सेल २.३ व्होल्टचा, सहा जोडले की १३.८. हा गडी दांडगा. झटक्यात प्रचंड करंट देतो, तितक्याच झटक्यात घेतो, हजारो वेळा चार्ज होऊनही थकत नाही. परदेशातल्या बेसवेड्यांत ‘यिनलाँग’ नावाचे ४० अँपिअर तासांचे जाडजूड नळकांडी सेल फार लाडके आहेत. मुळात ते चीनमधल्या इलेक्ट्रिक बसांसाठी बनलेले. एलटीओचं दुखणं दोन ठिकाणी: जागा जास्त खातो आणि खिसाही. शिवाय सहा सेलांना पूर्ण भरायला १६ व्होल्टच्या वर लागतात, त्यामुळं साध्या गाडीत तो कायम अर्धपोटीच राहतो.

एलटीओ ऐकायला परका वाटतो. पण मारुतीच्या २०१८ च्या सियाझ आणि एर्टिगाच्या पेट्रोल स्मार्ट हायब्रिडमध्ये शिशाच्या बॅटरीच्या जोडीला एक छोटी लिथियम-आयन बॅटरी आली. सुझुकीनं या कामासाठी तोशिबा आणि डेन्सो यांच्या भागीदारीत गुजरातेत कारखाना उभारला, आणि तोशिबाची या क्षेत्रातली ओळख आहे ती याच टायटनेटच्या सेलासाठी. गाडीत दोन बॅटऱ्या, एक शिशाची आणि एक लिथियमची, ही कल्पना डिकीत बेस भरणाऱ्या पोरांची एकट्यांची नाही तर.

चौथा भिडू सोडियम. लिथियमऐवजी मिठातला सोडियम. पुण्याच्या केपीआयटी कंपनीनं डिसेंबर २०२३ मध्ये आपलं सोडियम-आयन तंत्र जाहीर केलं, त्यात पुण्याच्याच आयसर संस्थेचा सहभाग आहे. आज ऑडिओसाठी घ्यावा असं मी कुणाला सांगणार नाही. पाच वर्षांनी विचारा.

माझ्या मते उचगावातल्या हजार-दीड हजार वॅटच्या नादासाठी एलएफपी पुरे. एलटीओ स्पर्धावाल्यांनी घ्यावा.

तीस टक्के आवाज कुठं गेला?

बऱ्याच ॲम्पची ताकद व्होल्टेजच्या वर्गानुसार बदलते. १४.४ व्होल्टवर हजार वॅट देणारा ॲम्प १२ व्होल्टवर सातशेच देतो. म्हणजे व्होल्टेज सहाव्या हिश्श्यानं उतरलं की ताकद जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं उतरते. शिशाच्या बॅटरीवर जोराचा ठोका पडला की व्होल्टेज असंच खाली बसतं. एलएफपीचं वैशिष्ट्य हेच की रिकामी होत आली तरी ती बराच वेळ १३ च्या आसपास टिकून राहते.

जर्मनीच्या विल्हेल्म पॉयकर्ट यांनी १८९७ मध्येच सांगून ठेवलंय की शिशाच्या बॅटरीतून जितक्या घाईनं वीज काढाल तितकी ती कमी देईल. ३५ अँपिअर तासांची बॅटरी १०० अँपिअरनं कागदावर एकवीस मिनिटं चालायला हवी. प्रत्यक्षात दहा मिनिटांच्या आतच ती मान टाकते. लिथियममध्ये ही घट फारच कमी.

निळ्या आकड्यांचा कपॅसिटर

ॲम्पशेजारी निळ्या अंकांत व्होल्टेज दाखवणारा एक चकचकीत नळा बसवलेला असतो. एक फॅरॅडचा कपॅसिटर. दिसतो लई भारी. १४.४ पासून १२ व्होल्टपर्यंत उतरताना त्यातून निघणारी ऊर्जा बत्तीस ज्यूल. हजार वॅटच्या ॲम्पला ती एका सेकंदाच्या तिसाव्या भागापुरती पुरते. पुढं बोलायलाच नको.

काटा आणा, काटा!

खोटी बॅटरी ओळखायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही, भाजीवाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. एलएफपीचा चांगला सेल किलोमागं साधारण दीडशे-एकशे सत्तर वॅट तास देतो. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर तास म्हणजे १,२८० वॅट तास. नुसत्या सेलांचंच वजन आठ किलोच्या आसपास भरतं. पेटी, पट्ट्या, वायर आणि सर्किट धरून दहा-बारा किलो. स्टिकरवर १००, आणि हातात उचलली तर चार-साडेचार किलो? मग आत निम्मासुद्धा माल नाही. वापरलेले सेल नवीन पेटीत घातले असतील तर काटा ते पकडत नाही, तिथं दुकानदाराकडून लोड टेस्ट मागायची. पण निम्मी फसवाफसवी वजनावरच उघडी पडते.

या बॅटरीत खरं लिथियम किती असतं ठाऊक आहे? चाळीस अँपिअर तासांच्या एलएफपीत चाळीस-पन्नास ग्रॅम. बाकी लोखंड, फॉस्फेट, ग्राफाइट, तांबं, ॲल्युमिनियम. नाव मात्र पन्नास ग्रॅमवाल्याचं.

आणि हे लिथियम मुळात विश्वाच्या जन्माबरोबर तयार झालेल्या पहिल्या तीन मूलद्रव्यांपैकी एक. धातूंमध्ये सगळ्यात हलकं, पाण्यावर तरंगेल इतकं. अर्थात तरंगता तरंगता पाण्याशी भांडून पेट घेण्याचीही शक्यता. १९२९ मध्ये बाजारात आलेल्या सेव्हन अपमध्ये सुरुवातीला लिथियमचा क्षार असे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी दाखवलं की लिथियमचे क्षार मनाचा उन्माद शांत करतात. आजही ते औषध म्हणून दिले जातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा अंदाजित साठा जाहीर झाला. बॅटरी स्वस्त व्हायला तो अजून जमिनीतून वर यायचाय.

एक आकडा आहे, त्याला कुणी विचारत नाही

अँपिअर तास म्हणजे साठा. तो किती वेगानं बाहेर येऊ शकतो, हे ठरवतो बीएमएस, म्हणजे पेटीतलं पहारेकरी सर्किट. १०० अँपिअर तासांची बॅटरी, पण बीएमएस ५० अँपिअरचा, अशी पेटी सोलरच्या दिव्यांसाठी उत्तम. ॲम्पला जोडली तर भर मिरवणुकीत पहिल्याच मोठ्या ठोक्याला बीएमएस लाइन तोडतो आणि गाणं गप. हजार वॅट आरएमएसला निदान दीडशे अँपिअर सलग देणारा बीएमएस मागा.

लाइन तुटण्याचा दुसरा धोका जास्त महाग. गाडीत ती एकमेव बॅटरी असेल आणि इंजिन चालू असताना तिनं स्वतःला तोडून घेतलं, तर अल्टरनेटरची वीज जाणार कुठं? व्होल्टेज उसळी मारतं आणि गाडीचा कॉम्प्युटर, स्टिरिओ, काहीही जाऊ शकतं. म्हणून कंपनीची शिशाची बॅटरी बॉनेटखाली सेल्फसाठी तशीच ठेवायची, लिथियम डिकीत ऑडिओसाठी, आणि दोघींच्या मध्ये आयसोलेटर. नुसत्या समांतर जोडल्या तर इंजिन बंद असताना १३.३ व्होल्टची लिथियम रात्रभर १२.७ व्होल्टच्या शिशाला पाजत बसते.

साधी पाण्याची शिशाची बॅटरी मात्र डिकीत नकोच. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. एलएफपीला ती सवय नाही, शिवाय तिला बॉनेटखालचा ताप सोसत नाही. तिला चार्जिंग मानवतं ते साधारण शून्य ते ४५ अंशांत. थंडीची चिंता करणारे व्हिडिओ परदेशातले. उचगावात शून्य अंश कुणी बघितलाय? आपल्याकडं प्रश्न एप्रिलच्या दुपारचा. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत पारा सहज साठीकडं जातो. गाडीत बसल्या बसल्या आवाज फोडण्याआधी डिकी दहा मिनिटं उघडी ठेवा.

बीएस-६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर हुशार झालाय. बॅटरी भरली की तो व्होल्टेज मुद्दाम उतरवतो, गाडी उतारावर सोडली की चढवतो. त्याचा हिशेब ठेवणारा छोटा सेन्सर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर असतो. ॲम्पची अर्थ थेट त्या टर्मिनलला लावली की सेन्सर चकतो. अर्थ बॉडीला, रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर. अशा गाडीत लिथियमसाठी डीसी-डीसी चार्जर लावणं शहाणपणाचं. लिथियम इतकी खादाड की साध्या अल्टरनेटरकडूनही ती सगळा करंट ओढून घेते आणि तो तापून जळतो.

बॅटरीआधी वायर

बॉनेटपासून डिकीपर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर धरा. २१ चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे चार नंबरच्या अस्सल तांब्याच्या वायरीत १०० अँपिअरला ०.८ व्होल्ट वाटेतच संपतात. ५३ चौरस मिलिमीटरच्या शून्य नंबरच्या वायरीत ०.३. आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर त्याच जाडीत दीडपटीहून जास्त विरोध करते. ओळखायची युक्ती सोपी: एक तार ब्लेडनं खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत द्या. वायरीच्या टोकाचा लग नीट दाबून घ्यायला कोल्हापूरचं उद्यमनगर आहेच. पकडीनं चेपलेला लग दोन महिन्यांत सैल होतो आणि तिथंच वायर तापते.

फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत, आणि दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही टोकांना. ॲम्पजवळचा फ्यूज ॲम्पला वाचवतो. वायर दरवाजाच्या पत्र्यावर घासून उघडी पडली तर गाडीला वाचवणारा फ्यूज बॅटरीजवळचाच. तो नसेल तर ‘जाळ अन् धूर संगटच’ ही आपली म्हण शब्दशः खरी होते. एलएफपी इतर लिथियमपेक्षा उशिरा आणि कमी भडकते, हे खरं. शॉर्ट झालेल्या वायरीला मात्र बॅटरी कुठली हे कळत नाही.

पुराचीही आठवण ठेवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळुरू रस्ता बंद पडला. डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या खड्ड्यात बसवलेली बॅटरी पाणी शिरल्यावर पहिली बुडते. बुडालेली लिथियम वाळवून चार्जिंगला लावायची नाही, वरून कोरडी दिसली तरी. गाडीतून काढून मोकळ्या जागी ठेवायची आणि जाणत्या माणसाला बोलवायचं.

दुप्पट पैसे, तीन डेसिबल

पाचशे वॅटचे हजार केले की आवाज किती वाढतो? तीन डेसिबल. कानाला ‘थोडा वाढला वाटतं’ इतपत. दुप्पट मोठा वाटायला वॅट दहापट हवेत. स्पीकर आणि खोका नीट जुळवून तीन डेसिबल मिळाले, तर ते नव्या ॲम्प आणि बॅटरीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात.

बेसलाच एवढी वीज का लागते, त्याचं उत्तर कानात आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की खालचे सूर आपल्या कानाला फार कमी ऐकू येतात. त्यात ४० हर्ट्झच्या सुराची लांबी साडेआठ मीटर. करासाठी चार मीटरच्या आत बसवलेली आपली हॅचबॅक त्या लाटेच्या निम्मीसुद्धा नाही. अख्खी लाट आत मावत नाही, सगळी हवाच एकदम दाबली-सोडली जाते, आणि त्यामुळं छोट्या गाडीत बेस फुकटात वाढतो. वॅट कमी असूनही.

आवाज मोजणारा मीटर कानासारखाच लबाड आहे. नियमातला डेसिबल ‘ए’ मापाचा, आणि त्या मापात ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डेसिबलनं कमी धरला जातो. मीटर शांत, शेजाऱ्याच्या काचा मात्र खडखड. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दहा ते सहा ही वेळ रात्रीची. स्वतःच्या कानांचाही हिशेब आहे: ८५ डेसिबल आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला पंधरा मिनिटं. गाणी तीन-चार, झालं.

ज्यांचं नाव आपण मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना दिलंय, ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ भारतात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार होते. १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी कंपनी काढली, आणि पहिलं नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करून. आपल्या हलगीला तर कुठलीच बॅटरी लागत नाही. चार कागद पेटवून चामडं तापवलं की झालं.

घेणारच असाल तर क्रम असा ठेवा: आधी ॲम्पचा फ्यूज बघा, मग अल्टरनेटरवरचा आकडा, मग वायर बदला, आणि एवढं करूनही दिवे मिचकत असतील तर बॅटरी. चाळीस ते साठ अँपिअर तासांची एलएफपी, बीएमएस दीडशे-दोनशेचा. बिलावर सेलाची जात, अँपिअर तास, बीएमएसचा सलग करंट आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. पक्कं बिल न देणाऱ्याकडून लिथियम घेऊ नका. आणि मेलेली बॅटरी भंगाराच्या गाड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. दुकानदाराकडं परत द्या, आणि घेत नसेल तर का घेत नाही ते लेखी मागा.